सांतियागो, टप्पे २,६८१

आमचे नाना एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण गावं त्यांना अजून किलोमीटरमध्ये कळत नाहीत, टप्प्यांत कळतात. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. कुठलंही अंतर कानावर पडलं की ते आधी मनातल्या मनात सहाने भागतात आणि मगच हुंकार देतात. त्यामुळे मी डिसेंबरात चिलीला निघालोय हे जेवताना सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "किती दिवस?" आणि नानांनी विचारलं, "किती टप्पे?"

मला दिवस माहीत होते. टप्प्यांचं सांगतो म्हणालो.

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी यंत्रांचं काम बघतो. जानेवारीत काढणी सुरू झाली की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून मालकांनी त्याआधीच मला पाठवायचं ठरवलं. वजनाप्रमाणे घड वेगळे करणारं यंत्र तिथे चालू अवस्थेत बघायचं, चार प्रश्न विचारायचे आणि परत यायचं. त्या यंत्राबद्दल इथे काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते जाण्याबद्दल, कारण माझा घोळ तिथेच झाला.

मालकांनी माझ्यासमोरच मोबाइलवर मुंबई आणि सांतियागो अशी दोन विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं: अंतर १६,०८४ किलोमीटर, प्रवासाचा वेळ १९ तास २५ मिनिटं. "बघ," ते म्हणाले, "बुधवारी पहाटे साडेचारला मुंबई सोडलीस की आपल्या रात्री बाराच्या आत तू तिथं. त्यांचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. म्हणजे तिथली दुपार, साडेतीनच्या आत. पाचची मीटिंग ठेवतो." आणि ठेवलीसुद्धा. लगेच मेल गेला.

रात्री घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १९ तास २५ मिनिटं हा आकडा इतका नेमका कसा, हे कळेना. उलटं गणित करत गेलो तेव्हा सापडलं. १६,०८४ ला ८५० ने भागा, उत्तर येतं १८ तास ५५ मिनिटं. त्यात उडण्या-उतरण्याचा म्हणून सरसकट अर्धा तास मिळवा. झालं! म्हणजे तो 'प्रवासाचा वेळ' कुठल्याच विमानाचा नव्हता. दोन बिंदू, त्यांच्यातलं अंतर आणि ताशी ८५० किलोमीटरने न थांबता जाणारं एक मनातलं विमान. त्या विमानाचं तिकीट जगात कोणी विकत नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क ही जगातली सगळ्यात लांब विनाथांबा नियमित सेवा, आणि तीही साधारण १५,३०० किलोमीटरची. आमचं सांतियागो त्याच्याही सातआठशे किलोमीटर पुढे.

"विनाथांबा" हा शब्द ऐकून नाना सरसावून बसले. तो त्यांचा शब्द.

पण त्यांचा विश्वास मोबाइलवर नव्हता. "हे अंतर मोजलं कोणी? कुठून कुठे?" रास्त प्रश्न. मुलीच्या सहावीच्या भूगोलासाठी घेतलेला पृथ्वीगोल कपाटावरून खाली काढला. आई देवाच्या हारांना वापरते तो दोरा आणला. नानांनी अंगठ्याच्या नखाने दोऱ्याचं टोक मुंबईवर दाबून धरलं, मी दुसरं टोक सांतियागोवर. सैल होता तोवर दोरा कसाही पडत होता. हळूहळू ताणला, तसा तो गोलावरून आपला आपण खाली सरकत गेला आणि एका जागी येऊन बसला. तिथून हलेना. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहत्‌वृत्त म्हणतात त्याचाच तो तुकडा, गोलावरची सगळ्यात जवळची वाट. मुंबई सोडून अरबी समुद्र, मग आफ्रिकेत टांझानिया, झांबिया, नामिबिया, तिथून दक्षिण अटलांटिक, ब्युनोस आयर्सच्या किंचित खालून अर्जेंटिना आणि मग सांतियागो.

"पण नकाशात तर काँगोवरून जातं," मुलगी म्हणाली. तिने तोवर भिंतीवरच्या नकाशाला फूटपट्टी लावलीसुद्धा होती. तिचंही बरोबर होतं. पट्टीची सरळ रेघ विषुववृत्ताच्या आसपास आफ्रिका ओलांडत होती. दोरा त्याच्या दीड-दोन हजार किलोमीटर दक्षिणेला. आई म्हणाली, गोल उंड्याची भाकरी थापली की कडा ताणल्या जाणारच, त्यावर पट्टी ठेवून काय उपयोग. याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

दोरा फूटपट्टीवर धरला: ३८ सेंटिमीटर. गोलाचा व्यास ३०, म्हणजे घेर साधारण ९४. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. अडतीस गुणिले चारशे पंचवीस, १६,१५०. मोबाइलपेक्षा ६६ किलोमीटर जास्त, अकरा टप्प्यांचा फरक. नानांनी मोबाइल पास केला. पुढे त्यांनीच १६,०८४ ला सहाने भागून आकडा पक्का केला: २,६८१ टप्पे. "हाफ तिकीट नाही," वर हेही.

त्या रात्री गोल काही वर ठेवला गेला नाही. मुलीने विचारलं, नाशिकच्या बरोबर उलट्या बाजूला काय? अक्षांश तेवढाच पण दक्षिणेचा, रेखांश १८० मधून वजा. येतं २० दक्षिण, १०६ पश्चिम. पॅसिफिक महासागर, आजूबाजूला काही नाही. तिथून सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे ईस्टर बेट, आणि तेही चिलीचंच. म्हणजे मी ज्या देशात चाललो होतो त्याच्या पलीकडे जवळपास जग संपतच होतं. त्याहून पुढे गेलो असतो तर परत घराकडेच येऊ लागलो असतो.

तिकिटाचं मात्र दोऱ्याने होईना. कॉलेज रोडवरच्या एजंटाने दोन वाटा काढल्या. एक पॅरिसवरून, थोडी स्वस्त. दुसरी दुबई आणि ब्राझीलमधलं साओ पाउलो अशी. मी घरी येऊन दोन्हींचे तुकडे वेगवेगळे मोजले. पॅरिसवरून १८,६६५ किलोमीटर: आधी वर उत्तरेला जायचं आणि मग त्याहून कितीतरी जास्त खाली यायचं. दुबईवरून मुंबई–दुबई १,९२७, दुबई–साओ पाउलो १२,२१६, साओ पाउलो–सांतियागो २,६१४. बेरीज १६,७५७. दोन ठिकाणी उतरूनही सरळ दोऱ्यापेक्षा फक्त ६७३ किलोमीटर जास्त. मला हे इतकं आवडलं की पैशाचा फरक मालकांना मीच पटवून दिला.

त्यांना दुसरी गोष्ट पटवणं अवघड गेलं. तिकिटावर दुबईहून निघणं सकाळी ९ आणि साओ पाउलोला पोचणं संध्याकाळी ५ असं छापलेलं. "आठ तास तर आहेत," मालक. मी म्हटलं, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या आहेत. दुबई ब्राझीलच्या सात तास पुढे, म्हणजे खरे पंधरा. त्यांनी तिकीट फिरवून फिरवून बघितलं. तारखेचं सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. माझं शेवटचं विमान बुधवारी नाही, बुधवारची मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी, म्हणजे गुरुवारी उतरत होतं. पाचची मीटिंग मी साओ पाउलोला उतरत असतानाच सुरू झाली असती. दुसरा मेल गेला, गुरुवारी सकाळी दहा. समोरून एका ओळीचं उत्तर आलं की आम्हालाही तेच विचारायचं होतं.

या वाटेची एक पाचर आधी कोणी सांगितली नव्हती. ब्राझील हा पीतज्वराचा देश. तिथून येणाऱ्या माणसाला भारतात उतरताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, आणि ते नसेल तर वेगळं काढून ठेवू शकतात. ती लस कुठेही टोचून चालत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि कार्ड ग्राह्य होतं ते लसीनंतर दहाव्या दिवसापासून. एजंट म्हणाला, नुसतं विमान बदलणार असलात तरी जवळ असू द्या. एक दिवस रजा टाकून मुंबईला गेलो, टोचून आलो. एकदा घेतली की जन्मभराची, एवढं समाधान. व्हिसाचं लिहिण्यासारखं काही नाही, कागद दिले, आला.

मंगळवारी रात्री आठला पंचवटीतून गाडी निघाली. निघताना नानांनी एक जुनी वही हातात दिली. प्रत्येक पानावर रेघा मारलेल्या: ठिकाण, पोच, सुटका, शेरा. कंडक्टर फेरीचा हिशोब लिहितात त्या वे-बिलाची घरगुती आवृत्ती. "वेळ आपल्या घड्याळाची लिही," म्हणाले. "दर गावाला घड्याळ बदलत बसलास तर हिशोब लागायचा नाही." हा सल्ला मला पुढे सगळ्यात कामाला आला. मोबाइल आपली आपण वेळ बदलत होता, पण मनगटावरचं घड्याळ मी शेवटपर्यंत नाशिकचंच ठेवलं.

विल्होळी मागे पडलं, घोटीच्या अलीकडे ड्रायव्हरने गाडी चहाला घेतली, मग इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. जून २०२५ मध्ये हा इगतपुरी ते आमणे तुकडा उघडला, तेव्हापासून कसारा घाटाचा जीव घेणारा भाग टळलाय. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा पाच मिनिटांत संपला. नानांच्या वेळी याच डोंगराला ट्रकमागे रांगत पाऊण तास जायचा. मी खूश. आमणेला उतरलो, आणि भिवंडीच्या बाजूला कंटेनरांची रांग अशी लागलेली की ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. समृद्धीने वाचवलेला सगळा वेळ तिथे फेडला. विमानतळावर पोचलो तेव्हा साडेबारा. पावणेदोनशेही नसतील एवढ्या किलोमीटरला साडेचार तास. त्याच रात्री मुंबई–दुबई १,९२७ किलोमीटरला सव्वातीन तास लागले, त्यातही पहिली वीस मिनिटं आम्ही जमिनीवरच रांगेत होतो.

दुबईत पावणेतीन तास. त्यातला निम्मा वेळ चालण्यात.

मग ते मोठं उड्डाण. पंधरा तास एका खुर्चीत बसण्याबद्दल लोक घाबरवतात, मला पाय अवघडण्यापलीकडे काही झालं नाही. कान मात्र दडपल्यासारखे राहिले. आत हवेचा दाब असा ठेवतात की आपण साधारण दोन हजार मीटर उंचीवर बसलोय असं शरीराला वाटावं. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही थोडं वर पंधरा तास बसून राहायचं, वारा न खाता.

माझा सगळा वेळ समोरच्या पडद्यावरच्या नकाशात गेला. दुबई–साओ पाउलो दोरा ताणला तर तो सुदानात खार्टूमच्या जवळून जातो. आमचं विमान मात्र इथिओपियाच्या अंगाने खाली वळसा घेऊन गेलं. सुदानमध्ये २०२३ साली लढाई पेटल्यापासून विमानं त्या आकाशातून जाणं टाळतात. पुढे कॅमेरूनचा किनारा, आणि नंतर तासन्‌तास नुसतं निळं. पडद्याच्या कोपऱ्यात वेग दिसत होता, ८२० ते ८६० च्या मध्ये. त्याच्या खाली एक छोटा बाण आणि आकडा, समोरून येणारा वारा.

आणि दुपार संपेना. सकाळी नऊला निघून आम्ही सूर्याच्या मागेच चाललो होतो. विषुववृत्तावर पृथ्वी ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेकडे त्याच्या निम्म्याने पळतंय. सूर्य पुढे जातच होता, पण रोजच्या निम्म्या चालीने. खिडकीच्या झाकणाच्या फटीतून तीच एक पिवळी रेघ माझ्या गुडघ्यावर पडलेली होती. जेवण झालं, झोप झाली, दुसरं जेवण झालं, रेघ गुडघ्यावरून मांडीवर आली एवढंच. नाशिकच्या घड्याळात रात्रीचा दीड वाजला तेव्हा साओ पाउलोच्या धावपट्टीवर संध्याकाळचं ऊन होतं.

तिथे तीन तास, मग चार तास दहा मिनिटांचं शेवटचं उड्डाण. त्यातलं मला काही आठवत नाही. अँडीज ओलांडताना पट्टे बांधायला सांगितले तेवढ्यापुरती जाग आली.

सांतियागोला सामान घ्यायच्या जागी जाकीट घातलेलं एक बीगल कुत्रं माझ्या पिशवीशी येऊन शांतपणे बसलं. आईने दिलेले बेदाणे. फॉर्मवर मी ते लिहिले होते, म्हणून काही झालं नाही. माणसाने पिशवी उघडली, पुडी उचलली, मान हलवली आणि डब्यात टाकली. न लिहिता नेलं असतं तर दंड ठरलेला. फळमाशी देशात शिरू नये म्हणून हे लोक डोळ्यात तेल घालून बसलेले असतात. द्राक्षांच्या धंद्यातला माणूस म्हणून मला राग येण्याऐवजी हेवाच वाटला. शेंगदाण्याची चटणीही लिहिलेली होती, ती वास घेऊन परत दिली.

हॉटेलच्या खोलीत पोचलो तेव्हा तिथे रात्रीचे पावणेदोन, माझ्या मनगटावर गुरुवारचे सकाळचे सव्वादहा. दाराला कडी लावली आणि वहीत शेवटची ओळ लिहिली. मंगळवारी रात्री आठ ते गुरुवारी सकाळी सव्वादहा: ३८ तास १५ मिनिटं. मोबाइलच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्यात हवेत फक्त २२ तास २५ मिनिटं.

मीटिंग झाली. यंत्र चांगलं आहे, आपल्याकडच्या घडांना त्याचे चिमटे थोडे कडक पडतील. चौथ्या दिवशी निघालो. परतीला अँडीज उजेडात दिसला, तपकिरी डोंगर आणि डोक्यावर तेवढं पांढरं. साओ पाउलो ते दुबई या वेळी १४ तास १० मिनिटं, जाण्यापेक्षा पन्नास मिनिटं कमी. पडद्यावर वेग साडेनऊशेच्या वर आणि तो छोटा बाण आता पाठीमागून. विमानं उडतात त्या उंचीवरचे मोठे वारे दोन्ही गोलार्धांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे पश्चिमेकडून घरी येणं आपल्याला बहुतेक वेळा थोडं स्वस्त पडतं. मुंबईत उतरल्यावर पिवळं कार्ड मागितलंच.

घरी आलो त्या संध्याकाळी नानांनी चष्मा लावला आणि वही घेतली. मला वाटलं, आता आफ्रिकेबद्दल विचारतील. त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्या नोंदी उतरवून घेतल्या. रस्ता ४:१५. मुंबई विमानतळ ४:००. हवेत तिन्ही मिळून २२:२५. दुबई २:४५. साओ पाउलो ३:००. सांतियागोला उतरल्यापासून खोलीपर्यंत १:३५.

बेरीज केली. परत केली, खालून वर.

"अडतीसच होतात," म्हणाले. "तू सव्वा लिहिलंयस. पंधरा मिनिटं कुठे गेली?"

मी वही बघितली. आठ, साडेबारा. रस्त्याचे साडेचार तास, आणि मी लिहिलेत सव्वाचार.

"घोटीला चहा घेतला होता, नाना."

"मग शेऱ्यात लिही की."